दूरसंचार कामगारांचे सुरक्षा प्रशिक्षण व प्रमाणन (भारत)

दूरसंचार कामगारांचे सुरक्षा प्रशिक्षण व प्रमाणन म्हणजे मोबाईल टॉवर, ऑप्टिकल फायबर केबल, भूमिगत वाहिन्या आणि त्यांना लागणारी वीजयंत्रणा उभारणाऱ्या व सांभाळणाऱ्या कामगारांना कामावर जाण्यापूर्वी दिले जाणारे सुरक्षेचे शिक्षण आणि ते पूर्ण झाल्याची अधिकृत नोंद होय. असे प्रशिक्षण देणे ही भारतात मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मात्र ‘दूरसंचार कामगार’ या नावाने सर्वांना बंधनकारक असा एकच शासकीय परवाना देशात नाही. विजेचे काम, बांधकाम, उंचीवरील काम आणि खोदकाम यांसाठी वेगवेगळे कायदे व मानके आहेत. त्यांच्या जोडीला दूरसंचार कंपन्यांनी कंत्राटात घातलेल्या अटी असतात. या सर्वांच्या बेरजेतून कामगाराच्या खिशातील ओळखपत्र तयार होते.

कामाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कासारसाई हे गाव तेथील धरणामुळे परिचित असून हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानापासून जवळ आहे. शेती, धरणक्षेत्र, नव्या गृहसंकुलांचा विस्तार आणि माहिती तंत्रज्ञान उद्योग यांच्या सीमेवरील अशा गावांमध्ये दूरसंचाराची जवळजवळ सर्व प्रकारची कामे आढळतात. मोकळ्या जमिनीवर उभे केलेले जाळीदार टॉवर, इमारतींच्या गच्चीवरील लहान टॉवर, रस्त्याकडेच्या चरांतून जाणारी फायबर केबल आणि विजेच्या खांबांवरून घरोघरी ओढलेल्या इंटरनेटच्या तारा ही त्यांची नेहमीची रूपे होत. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने या पट्ट्यात पावसाळा जोराचा असतो. टॉवरचे लोखंड निसरडे होते, वीज पडण्याचा धोका वाढतो आणि चरांच्या कडा खचतात. नेटवर्क बंद पडण्याच्या तक्रारीही याच महिन्यांत अधिक येतात. त्यामुळे काम सर्वांत धोक्याचे असते तेव्हाच कामगाराला तातडीने बोलावले जाते.

टॉवरवर चढणारा रिगर, टॉवरच्या पायथ्याची यंत्रणा सांभाळणारा तंत्रज्ञ, फायबर जोडणारा स्प्लायसर, चर खणणारा मजूर आणि ग्राहकाच्या घरी जोडणी देणारा मुलगा हे पाचही जण सामान्य बोलीत ‘नेटवर्कवाले’ असतात. त्यांचे धोके मात्र भिन्न आहेत. एकाचे प्रशिक्षण दुसऱ्याच्या कामास पुरत नाही, ही बाब प्रमाणपत्रे तपासताना अनेकदा दुर्लक्षित राहते.

पार्श्वभूमी

दीर्घकाळ भारतातील दूरध्वनी सेवा हे सरकारी खाते होते. लाईनमन आणि टेलिफोन मेकॅनिक हे खात्याचे कायम कर्मचारी असत व त्यांचे शिक्षण खात्याच्या स्वतःच्या केंद्रांत होई. मुंबई व दिल्लीची सेवा १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगमकडे गेली आणि २००० मध्ये भारत संचार निगमची स्थापना झाली. त्याआधीच १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली होती व १९९५ मध्ये मोबाईल सेवा सुरू झाली होती. पुढे टॉवर उभारून ते अनेक सेवादात्यांना भाड्याने देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आल्या. उभारणी व देखभालीची कामे कंत्राटदारांकडे आणि त्यांच्याकडून उपकंत्राटदारांकडे गेली. जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगममधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले, तेव्हा खात्यात घडलेल्या तंत्रज्ञांची एक मोठी पिढी कामाबाहेर पडली.

या बदलाचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. खात्याच्या व्यवस्थेत वर्षानुवर्षांची उमेदवारी हाच कौशल्याचा पुरावा मानला जाई. कंत्राटी व्यवस्थेत कामगार आज एका कंपनीच्या टॉवरवर, तर उद्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर असतो. त्याला पूर्वी काय शिकवले गेले, हे टॉवरच्या मालकास ठाऊक नसते. प्रमाणपत्राची गरज या अनोळखीपणातून निर्माण झाली.

कायदेशीर चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ हा कामगार सुरक्षेचा सर्वपरिचित कायदा. परंतु गावाच्या माळावरील टॉवर हा कारखाना नव्हे. दूरसंचाराच्या कामास अधिक जवळचा कायदा म्हणजे इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६. त्यातील बांधकामाच्या व्याख्येत रेडिओ, दूरचित्रवाणी, दूरध्वनी, तार व परदेशी दळणवळण यांच्याशी संबंधित उभारणी, दुरुस्ती, देखभाल व पाडकाम स्पष्टपणे समाविष्ट होते. पारेषण मनोऱ्यांचाही त्यात उल्लेख होता. म्हणजे टॉवर उभारणारा कामगार कायद्याच्या दृष्टीने बांधकाम कामगार ठरतो, ही गोष्ट खुद्द अनेक कामगारांना माहीत नसते. वर्षभरात किमान ९० दिवस असे काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील व्यक्तीस महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी अर्ज करता येतो.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने हा अधिनियम, कारखाने अधिनियम आणि कंत्राटी कामगार अधिनियम यांसह तेरा कायदे एकत्र केले. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरवणे हे तिने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. कामगाराला नियुक्तीपत्र देणेही बंधनकारक आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाच्या रकमेपैकी किमान निम्मी रक्कम पीडितास किंवा त्याच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

संहितेची मर्यादा संख्येत आहे. सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस ती लागू होते. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी हा आकडा पन्नास आहे. बांधकामाच्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती २५० कामगारांपासून सुरू होते. टॉवरवर जाणारे पथक बहुधा तीन-चार जणांचे असते आणि त्याचा उपकंत्राटदार पाच-दहा माणसांचा धनी असतो. साखळीच्या वरच्या टोकाला असलेल्या कंपनीस सर्व तरतुदी लागू होतात. प्रत्यक्ष शिडीवर पाय ठेवणारा माणूस ज्याच्याकडून रोजंदारी घेतो, तो मात्र या आकड्यांच्या खाली सहज राहू शकतो.

नुकसानभरपाईच्या कायद्याने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या दुसऱ्या अनुसूचीत तार व दूरध्वनीच्या तारा किंवा खांब उभारणे, दुरुस्त करणे व काढणे या कामांचा स्वतंत्र निर्देश होता. अपघातानंतरची भरपाई अशी नावानिशी नोंदवलेली असताना अपघातापूर्वीचे प्रशिक्षण मात्र सर्वसाधारण कर्तव्याच्या शब्दांत राहिले.

विजेच्या कामाचा परवाना

बंधनकारक परवान्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विजेच्या कामात दिसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार (२०१०, त्यांच्या जागी २०२३ चे विनियम आले) विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे लागते. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. औंध येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांतून वीजतंत्री व्यवसायाचे शिक्षण मिळते.

टॉवरच्या पायथ्याशी महावितरणची वीजजोडणी, डिझेल जनित्र, रेक्टिफायर आणि ४८ व्होल्टचा बॅटरीसंच असतो. ४८ व्होल्टचा धक्का सहसा जीवघेणा नसतो, म्हणून नवखा तंत्रज्ञ बॅटरीसंचाकडे बेफिकिरीने पाहतो. परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर क्षणात प्रचंड प्रवाह वाहतो, धातू वितळतो व हात भाजतो. अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवणे हा येथील पहिला धडा असतो. बंद खोलीत चालवलेल्या जनित्राचा धूर हा त्याहून फसवा धोका आहे, कारण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरोघरी इंटरनेट देणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. ते विजेच्या खांबांवर चढतात, पण स्वतःला विजेचे कामगार मानत नाहीत. ११ किंवा २२ किलोव्होल्टच्या वाहिनीजवळ ओली दोरी किंवा धातूची शिडी नेल्यास प्रत्यक्ष स्पर्श न होताही विद्युतप्रवाह झेप घेऊ शकतो.

उंचीवरील काम

ग्रामीण भागातील जमिनीवरचे टॉवर चाळीस मीटर किंवा त्याहून उंच असतात. चाळीस मीटरवरून पडणारी वस्तू तीन सेकंदांच्या आत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे शंभर किलोमीटर असतो. हाच हिशेब हातातून निसटलेल्या पान्यालाही लागू होतो. म्हणून टॉवरखालचे क्षेत्र दोरीने बंद करणे आणि अवजारे दोरीला बांधूनच वर नेणे हे प्रशिक्षणाचे अविभाज्य भाग आहेत.

पूर्ण शरीराचा हार्नेस, दोन आकड्यांचा लॅनयार्ड आणि शिरस्त्राण ही मूलभूत साधने होत. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३५२१ हे मानक सुरक्षा पट्टे व हार्नेससाठी, तर आयएस २९२५ हे औद्योगिक शिरस्त्राणांसाठी आहे. दोन आकडे असण्याचे कारण साधे आहे: एक आकडा सोडून वर लावताना दुसरा अडकलेला असावा, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या कोणत्याही क्षणी कामगार मोकळा राहत नाही. आकडा कंबरेच्या वर अडकवायचा असतो. पायाशी अडकवल्यास पडण्याचे अंतर वाढते आणि झटकाही वाढतो. हा झटका कमी करण्यासाठी लॅनयार्डला ऊर्जाशोषक जोडलेला असतो; तो उलगडत जातो व शरीरावरील बल आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सुमारे सहा किलोन्यूटनच्या आत ठेवतो. मात्र उलगडण्यासाठी जागा लागते. लॅनयार्डची लांबी, शोषकाची उलगड आणि माणसाची उंची मिळून खाली पाच-सहा मीटर मोकळे अंतर नसेल, तर हार्नेस घातलेला माणूसही गच्चीवर आपटतो. कमी उंचीच्या गच्चीवरील टॉवरवर हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

पडणे रोखले गेले म्हणजे संकट संपले असे नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते. त्यामुळे सोबत्याला खाली आणण्याचा सराव चांगल्या अभ्यासक्रमात अनिवार्य असतो. अग्निशमन दलाची वाट पाहणे हा बचावाचा आराखडा होऊ शकत नाही. एकट्याने टॉवरवर न चढण्याचा नियमही याच कारणाने आहे.

चढण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अपेक्षित असते. अपस्मार, चक्कर, अनियंत्रित रक्तदाब व उंचीची भीती या गोष्टी तीत पाहिल्या जातात. महाराष्ट्रातील टॉवरवर आणखी एक धोका वस्तीला असतो, तो म्हणजे आग्या मोहोळ. उंच व निवांत जागा या माश्यांना आवडते. टॉवरवर पोळे दिसल्यास चढाई थांबवणे हाच योग्य निर्णय ठरतो. अमेरिकेच्या दूरसंचारविषयक सुरक्षा मानकात प्रशिक्षणाच्या विषयांमध्ये प्राणी, कीटक व वनस्पती यांपासूनचे धोके नोंदवलेले आहेत.

अँटेनासमोरील किरणोत्सर्ग

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल टॉवरच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट आहे. ही मर्यादा सर्वसामान्य जनतेसाठी, म्हणजे लोकांचा वावर असलेल्या जागांसाठी आहे. अँटेनापासून हाताच्या अंतरावर काम करणाऱ्या रिगरची स्थिती वेगळी असते. आंतरराष्ट्रीय शिफारशीत कामगारांसाठीची मर्यादा याच वारंवारतेला २२.५ वॅट आहे, परंतु ती प्रशिक्षित व धोक्याची जाणीव असलेल्या व्यक्ती गृहीत धरून ठरवलेली आहे. चालू अँटेनासमोर काम करण्यापूर्वी तिची शक्ती कमी करून घेणे किंवा ती बंद करून घेणे, आणि तशी खात्री नियंत्रण केंद्राकडून मिळवणे आवश्यक असते. एका टॉवरवर अनेक कंपन्यांचे अँटेना असल्यास प्रत्येकीकडून ही खात्री घ्यावी लागते. व्यवहारात हा टप्पा वेळखाऊ असल्याने वगळला जाण्याची शक्यता अधिक असते.

चर, मॅनहोल आणि फायबर

ग्रामपंचायती फायबरने जोडण्याचा राष्ट्रीय प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला व पुढे भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात त्याचा दुसरा टप्पा महानेट म्हणून राबवला गेला. जमिनीखालून जाणाऱ्या फायबरसाठी सर्वसाधारण मातीत चराची प्रमाण खोली १.६५ मीटर धरली जाते. आयएस ३७६४ या खोदकामाच्या सुरक्षा संहितेनुसार १.५ मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार द्यावा लागतो. म्हणजेच केबलच्या सुरक्षेसाठी ठरवलेली खोली मजुराच्या सुरक्षेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडे जाते. केबलची खोली मोजली जाते, कारण देयक तिच्यावर अवलंबून असते. बाजूंचा आधार त्याच काटेकोरपणे तपासला जाईलच असे नाही. सह्याद्रीच्या परिसरात खाली काळा कातळ लागला की खोली कमी केली जाते व ब्रेकरचा वापर वाढतो. तेव्हा धूळ, आवाज आणि जमिनीखालील वीजवाहिनी फुटण्याचा धोका पुढे येतो. खोदण्यापूर्वी इतर वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले.

मॅनहोलमध्ये उतरणे हे दिसायला सोपे, पण अत्यंत घातक काम आहे. हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेल्यास जागा असुरक्षित मानली जाते. जवळच्या गटारातून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन झिरपू शकतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला ही समजूत प्राणावर बेतते. वायुमापक वर, मध्ये व तळाशी असा तिन्ही पातळ्यांवर धरावा लागतो, कारण मिथेन हवेपेक्षा हलका आणि हायड्रोजन सल्फाइड जड असतो. बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला वाचवण्यासाठी साधनांविना खाली उतरणारा दुसरा माणूस हा अशा अपघातांतील नेहमीचा दुसरा बळी असतो. मॅनहोलच्या प्रशिक्षणात न उतरण्याचे शिक्षण हेच सर्वांत कठीण ठरते.

फायबर जोडणीचे धोके लहान दिसतात. १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तुटलेल्या टोकात डोकावणे टाळावे लागते. काचेचे तुकडे त्वचेत रुततात किंवा अन्नातून पोटात जाऊ शकतात. त्यांच्यासाठी झाकणाची डबी ठेवली जाते व स्प्लाइसिंगच्या जागी खाणेपिणे वर्ज्य असते.

प्रमाणपत्रे व त्यांचे मूल्य

कौशल्याच्या प्रमाणपत्रांची व्यवस्था २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत बसवलेली आहे. दूरसंचार क्षेत्रासाठी टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिल ही संस्था टॉवर तंत्रज्ञ, ऑप्टिकल फायबर स्प्लायसर, ऑप्टिकल फायबर तंत्रज्ञ अशा भूमिकांची मानके ठरवते. सुरक्षेचे निकष त्या मानकांतच अंतर्भूत असतात. आधीपासून काम करणाऱ्यांसाठी पूर्वज्ञानाची मान्यता हा मार्ग आहे. त्यात अल्प उजळणीनंतर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. ही प्रमाणपत्रे कौशल्याची ओळख देतात. विजेच्या परवान्याप्रमाणे ती नसल्यास काम करण्यास कायद्याने मनाई होते, असे त्यांचे स्वरूप नाही.

प्रत्यक्ष सक्ती कंत्राटातून येते. टॉवर कंपन्या व सेवादाते उंचीवरील कामाचे वैध प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि ओळखपत्र असल्याशिवाय आपल्या जागेवर चढू न देण्याची अट घालतात. त्यानंतरही प्रत्येक कामासाठी वर्क परमिट घ्यावे लागते व काम सुरू करण्यापूर्वी जागेवरच धोक्यांची चर्चा होते, जिला टूलबॉक्स टॉक म्हणतात. प्रमाणपत्र माणसाची तयारी सांगते, तर परमिट त्या दिवसाची परिस्थिती. वारा, पाऊस किंवा विजांचा कडकडाट असताना वैध प्रमाणपत्र असलेल्या माणसालाही परमिट मिळू नये, हा या दुहेरी व्यवस्थेचा हेतू आहे.

इतर देशांत ही जबाबदारी अधिक थेट शब्दांत मांडलेली आढळते. अमेरिकेत १९७५ पासून दूरसंचारासाठी स्वतंत्र सुरक्षा मानक असून, योग्य प्रशिक्षण झाल्याशिवाय कामगारास संबंधित काम करू देता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यान्वये रस्त्यावरील खोदकामासाठी पात्रताधारक व्यक्ती लागते व तिची नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. दोन्हींकडे कंत्राटी साखळी आहेच. फरक इतकाच की प्रश्न विचारणाऱ्या निरीक्षकासमोर एक ठरावीक नोंद ठेवावी लागते.

महाराष्ट्रात बांधकाम व कारखान्यांतील सुरक्षेची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि वीजसुरक्षेची विद्युत निरीक्षकांकडे आहे. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद या संस्था काम करतात. परिषदेच्या स्थापनेचा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कामगाराच्या बाजूने पाहता, धोका तात्काळ व गंभीर वाटल्यास तो मालकाच्या निदर्शनास आणून देण्याचा हक्क नव्या संहितेने त्यास दिला आहे. रोजंदारीवर तीन-चार जणांच्या पथकात काम करणाऱ्या रिगरला त्यासाठी आधी आपला मालक नेमका कोण, हे ठाऊक असावे लागते, आणि संहितेने बंधनकारक केलेले नियुक्तीपत्र हाच त्याचा लेखी पुरावा असतो.